उतरंडीमागचा डबा

त्या प्रकरणातला एकेक तास मला आजही सांगता येईल. चौतीस वर्षांच्या नोकरीतले बरेच गुन्हे आता एकमेकांत मिसळले आहेत. कुठला आरोपी कुठल्या गावचा, हे सांगताना माझी गफलत होते. पण तीन वर्षांच्या त्या मुलीचा अकस्मात मृत्यू आणि ठाण्याच्या बाकावर बसलेली तिची सावत्र आई, यांच्याबाबतीत ती कधी होत नाही.

मी आता सिंगापूरला असतो. पत्नी गेल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, तिकडे एकटे नका राहू," आणि मला इथे घेऊन आला. आंग मो किओमध्ये अकराव्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. मुलगा हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीच्या ऑफिसात जातो, सून जवळच्या इंडस्ट्रियल पार्कमध्ये इंजिनिअर आहे आणि साडेतीन वर्षांची नात चाइल्डकेअरमध्ये असते. सकाळी आठला दार बंद होते ते संध्याकाळी साडेसहाला उघडते. मधल्या वेळात मी खाली खाण्या-पिण्याच्या गाळ्यांच्या हॉकर सेंटरला जाऊन कॉफी पितो, दोन ब्लॉकना चक्कर मारतो आणि वर येतो. कॉफीवाल्या म्हाताऱ्याला मी एक बोट दाखवतो, तो एक कप पुढे करतो. काही दिवस माझे दिवसभरातले बोलणे तेवढेच असते.

महिन्यातून एकदा इथली मराठी मंडळी एखाद्याच्या घरी जमतात. पुण्या-मुंबईची तरुण मुले आहेत. जेवणे झाली की कोणीतरी म्हणते, "काका, एखादी केस सांगा ना." मी दरोड्याची सांगतो, बनावट शिक्क्यांची सांगतो. सगळे खूश होतात. ही मात्र कधी सांगितली नाही. हिच्यात मी शाबासकी मिळवण्यासारखे काही केलेले नाही.

तेव्हा मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. प्रभारी अधिकारी रजेवर असल्याने ठाणे माझ्याकडेच होते. सकाळची हजेरी आटोपली होती, शिपायांना ड्युट्या वाटून झाल्या होत्या, एवढ्यात ठाणे अंमलदाराने ग्रामीण रुग्णालयाची वर्दी माझ्यापुढे ठेवली. मुलगी, वय तीन, उलट्या-जुलाब, विषबाधेचा संशय, पहाटे मृत. अकस्मात मृत्यूची नोंद करायला सांगून मी गाडी काढायला लावली. निघणार तोच फोन वाजला.

"पोरगी मेली ना, तिला सावत्र आईनं विष घातलंय," पलीकडचा पुरुष म्हणाला. "ती पोटुशी हाय. तिला हिची अडचण झाली व्हती. नीट तपास करा सायेब, न्हाईतर दाबून टाकतील."

मी नाव विचारले तेव्हा फोन बंद झाला.

निनावी फोनवर विश्वास ठेवू नये, हे प्रत्येक अधिकाऱ्याला ठाऊक असते. पण तो कानात शिरला की बाहेर काढता येत नाही, हेही तितकेच खरे. त्या गावापर्यंतच्या बारा किलोमीटरच्या रस्त्यात माझ्या मनात प्रकरण तयार होऊन बसले होते. फक्त पुरावा गोळा करायचा बाकी होता.

घर दोन खोल्यांचे. नवरा ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. पहिली बायको ही मुलगी झाली तेव्हा बाळंतपणातच गेली होती. वर्षभरापूर्वी त्याने दुसरे लग्न केले ते पार विदर्भातल्या मुलीशी. बाप नसलेली, गरीब घरची, एकोणीस-वीस वर्षांची. गावात तिच्या बोलीची थट्टा व्हायची, असे नंतर कळले. ती 'मला'ला 'मले' म्हणायची आणि पाणवठ्यावरच्या बायका ते म्हणून दाखवायच्या. त्यामुळे ती फार बोलतच नसे. माहेर इतके लांब की वर्षभरात तिच्याकडे कोणी आले नव्हते.

आम्ही पंचांसमक्ष घराची झडती घेतली. माळ्यावर फवारणीच्या औषधाची अर्धी बाटली, कोनाड्यात उंदरांचे औषध, चुलीशेजारी शीतपेयाच्या बाटलीत रॉकेल. सगळे सील केले. सासू ओसरीवर रडत होती. तिने जबाब दिला तो असा: परवा दुपारी पोरीला उलट्या सुरू झाल्या, "रगत वकली". फ्रॉकवर डाग आहेत. पोट दुखते म्हणून गडबडा लोळली. गावातल्या डॉक्टरने इंजेक्शन दिले. संध्याकाळी बरे वाटले, उठून बसली, पाणी प्यायली. काल दुपारी पुन्हा मलूल झाली, काळी-काळी परसाकडे झाली. मग दवाखान्यात नेली.

"हिनंच घातलं काहीतरी," सासू सुनेकडे न बघता म्हणाली. "तिच्या हातानंच जेवली व्हती पोर."

सून चुलीशी उभी होती. पाच-सहा महिने गेले असावेत. डोळ्यांत पाणी नव्हते. मी ते टिपून ठेवले. न रडणारी बाई म्हणजे संशय, इतके माझे माणसांचे ज्ञान तेव्हा होते.

बाईला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचे नाही, तिच्या राहत्या घरी जाऊन विचारायचे, हा नियम मला पाठ होता. तरी मी तिला गाडीत बसवून ठाण्यात आणले. गावात गर्दी झाली आहे, इथे नीट बोलता येणार नाही, असे कारण मी स्वतःलाच दिले. सोबत आमच्या ठाण्यातली एकमेव महिला शिपाई होती. वयाने माझ्याहून थोडी लहान, दोन मुलांची आई, कामापुरते बोलणारी.

अकरा वाजल्यापासून मी तिला विचारत होतो.

"पोरीला जेवायला कोणी दिलं?"

"म्या."

"काय दिलं?"

"भाकर अन् दूध."

"दुधात काय घातलंस?"

"साखर."

"आणखी?"

"साखरच, साहेब."

तेच प्रश्न मी उलटसुलट करून विचारले. उत्तरे बदलली नाहीत. मग मी विचारले, "घरात औषधं कुठली आहेत? गोळ्या वगैरे?"

तिने मान खाली घातली. "नाई."

महिला शिपाईने मला बाहेर बोलावले. झडतीच्या वेळी तिने खुंटीला अडकवलेले गरोदरपणाचे कार्ड पाहिले होते. नर्सबाई दर महिन्याला येऊन गोळ्या देतात, अशा त्यावर खुणा होत्या. मी आत जाऊन टेबलावर हात आपटला.

"नर्सबाई गोळ्या देतात, कार्डावर लिहिलंय. कुठे आहेत त्या?"

"खाल्ल्या."

"सगळ्या?"

"हो."

"मग आधी नाही का म्हणालीस?"

ती गप्प झाली. मला वाटले, सापडली. एक खोटे बोलली म्हणजे दुसरेही खोटेच. मग मी जे बोललो ते इथे पूर्ण लिहिणार नाही. एवढेच लिहितो की, "स्वतःचं होणार म्हणून ही नकोशी झाली का तुला?" असे मी तिला विचारले. तिने वर पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. एवढा मोठा साहेब असे काही विचारू शकतो, याचे नवल होते. ती पुन्हा खाली बघू लागली आणि त्यानंतर तिने एका प्रश्नाचेही उत्तर दिले नाही.

ठाण्यात कोणाला आणले की तासाभरात त्याच्या घरचे फाटकाशी येतात, हा नेहमीचा अनुभव. चोराचीही आई डबा घेऊन येते. हिच्यासाठी कोणी आले नाही. दोन वाजता महिला शिपाईने स्वतःच्या डब्यातली भाजी-पोळी तिच्यापुढे ठेवली. तिने अर्धी पोळी खाल्ली आणि उरलेली, कोणाला तरी द्यायची असल्यासारखी, नीट घडी करून परत ठेवली. संध्याकाळ व्हायच्या आत मी तिला घरी पोहोचवायला सांगितले. तासाभरात गाडी परत आली, ती आतच बसलेली. सासूने कडी लावून घेतली होती. नवरा ओट्यावर होता, तो जागचा उठला नाही. शेवटी महिला शिपाईच म्हणाली, "साहेब, माझ्या क्वार्टरवर ठेवते आजच्या दिवस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शवविच्छेदनाचे विचारायला रुग्णालयात गेलो. सोबत महिला शिपाई होती. वैद्यकीय अधिकारी नुकताच बदलून आलेला तरुण होता.

"साहेब, मला हे फवारणीचं औषध वाटत नाही," तो म्हणाला. "पोटात वास नाही. त्या औषधात पेशंट सरळ खाली जातो. इथे मध्ये पंधरा-वीस तास ती बरी होती. आणि जठराचं अस्तर आतून भाजल्यासारखं झालंय." त्याने फ्रॉक दाखवला. "हे रक्तही नाही. गुलाबी रंग आहे, रंगवलेल्या गोळीसारखा."

महिला शिपाई फ्रॉककडे बघत होती. ती हळूच म्हणाली, "डॉक्टरसाहेब, सासू म्हणाली, पोरीला काळी शी झाली. मी गरोदर होते तेव्हा सरकारी लाल गोळ्या खायचे. तेव्हा अशीच काळी व्हायची."

डॉक्टरने पुन्हा फ्रॉक हातात घेतला. मग त्याने खुर्ची मागे सरकवली. "लोहाच्या गोळ्या," तो म्हणाला. "वरून साखरेचं लाल आवरण असतं. आईला औषध. तीन वर्षांच्या पोराला मूठभर गेल्या तर विष."

तो स्वतःवर चिडला होता. "परवा आणली तेव्हाच विचारलं असतं, तर..." एवढे म्हणून त्याने वाक्य सोडून दिले. मीही तिला औषधांचे विचारले होते. पण माझ्या विचारण्यात उत्तराला जागाच नव्हती.

आम्ही सरळ गावात गेलो. काल मी माळा, कोनाडे, चूल असे सगळे पाहिले होते, म्हणजे विष ठेवतात अशा जागा. महिला शिपाईने घरातली बाई वस्तू कुठे लपवेल ते पाहिले. आतल्या खोलीत कोपऱ्यात मडक्यांची उतरंड होती. तिच्या मागे, भिंतीला लागून, जमिनीवरच पत्र्याचा डबा होता. झाकण अर्धवट लागलेले. आत कागदाच्या पुड्या होत्या, काही फाटलेल्या. लाल गोळ्या. आणि डब्याच्या बाजूला जमिनीवर तीन-चार गोळ्या पडल्या होत्या. वरचा लाल रंग चोखून टाकलेला, आतले कडू लागल्यावर थुंकलेल्या.

शेजारची दहा-अकरा वर्षांची मुलगी दारात उभी होती. मी विचारल्यावर म्हणाली, "ती सारखी नव्या आईच्या मागं-मागं असायची. आई तितं गोड लपवती म्हणायची. मला बी देणार व्हती."

आम्ही पंचनामा केला, पुड्या ताब्यात घेतल्या. मग मी क्वार्टरवर गेलो. ती महिला शिपाईच्या दोन मुलांच्या मधे बसून शेंगा सोलत होती. मला पाहून उभी राहिली.

"डबा सापडला," मी म्हणालो.

मग ती बोलली. एवढी सलग बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकले. पहिली सून याच गोळ्या खात होती आणि बाळंतपणात रक्त जाऊन मेली, म्हणून सासूने शपथ घातली होती की, या घरात त्या गोळ्या कोणी खायच्या नाहीत. नर्सबाई मात्र दर महिन्याला येऊन रागवायच्या, न खाणाऱ्या बाईचे नाव वर कळवीन म्हणायच्या. ही दोघींनाही हो म्हणायची. गोळ्या घ्यायची आणि ठेवून द्यायची. टाकून का दिल्या नाहीत, असे मी विचारले. "सरकारनं फुकट देल्या, टाकू कशा?" ती म्हणाली. ठाण्यात 'नाही' म्हणाली, कारण सासूला कळले असते की, ती गोळ्या घेते. 'खाल्ल्या' म्हणाली, कारण नर्सबाईंना कळले असते की, ती खात नाही. दोन घरगुती धाकांमधून वाट काढताना तिने मला दोन उत्तरे दिली होती आणि मी त्यांवर खुनाचे प्रकरण उभे करायला निघालो होतो.

तिला अजून कळलेले नव्हते. मी सांगितले की, मुलीने त्या गोळ्या खाल्ल्या आणि त्यानेच ती गेली.

"त्या त ताकदीच्या गोळ्या होत्या," ती म्हणाली. मग महिला शिपाईकडे वळली. "बाई, ताकदीच्या होत्या ना?"

ती खाली बसली.

"मंग म्याच मारलं तिले. साहेब, लिहून घ्या. काल तुमी इचारत होते ना, मंग लिहून घ्या."

आदल्या दिवशी सहा तासांत मला जे हवे होते, ते ती आता आपण होऊन देत होती. महिला शिपाईने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "काही लिहायचं नाही." आणि मी बाहेर आलो. तुझी चूक नाही, हे मी तिला म्हणायला हवे होते. माझी चूक झाली, हेही म्हणायला हवे होते. मी रुमालाने टोपीचा आतला पट्टा पुसला आणि गाडीत बसलो.

प्रकरण अपघाती मृत्यू म्हणून बंद झाले. तिच्या माहेरी तार केली. तीन दिवसांनी भाऊ आला, सतरा-अठराचा असेल. तोवर ती क्वार्टरवरच होती. नवरा एकदा सायकलवरून फाटकापर्यंत आला, एक पाय टेकून थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. एस.टी. स्टँडवर तिला पोहोचवायला महिला शिपाई गेली. मी ठाण्यातच होतो, पाच मिनिटांच्या अंतरावर. मला काम होते, असे मी सांगितले. काम काही नव्हते.

त्यानंतर एका दुपारी मी मागच्या काही वर्षांची अकस्मात मृत्यूची रजिस्टरे काढून बसलो. मुलांच्या नोंदी वाचल्या. रॉकेल पाणी समजून प्यायलेले पोर. उवा मरतात म्हणून डोक्याला शेतातले औषध चोळलेली मुलगी. शाळेच्या कुंपणाच्या मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या खाल्लेली मुले. प्रत्येक नोंद तीन-चार ओळींची, शेवटी 'संशय नाही' आणि सही. काहींवर माझीच सही होती. मी त्या एकामागून एक वाचल्या तेव्हा त्या सगळ्यांत एकच घर दिसले. खोली एक, कुलपाचे कपाट नाही. औषध सुटे मिळते, म्हणून जी बाटली हाताशी असेल तिच्यात ओतले जाते. आई कामावर, पोर भुकेले आणि समोर काहीतरी लाल किंवा गोड दिसणारे. गुन्हेगार शोधायची आम्हाला इतकी सवय की, गुन्हेगार नसला की आम्ही वहीच मिटायचो. ते पोर कशाने मेले, हे पुढच्या पोराच्या आईला सांगणे आमच्या कामात बसत नव्हते. मी वैद्यकीय अधिकाऱ्याच्या मदतीने दोन पानी टिपण करून वर पाठवले. पोच आली. पुढे माझी बदली झाली.

सवय मात्र लागली. गेल्या वर्षी मुलगा आम्हाला पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला घेऊन गेला. तिथे एका जुन्या घराच्या ओट्यावर पाण्याच्या बाटलीत काहीतरी निळे भरून ठेवले होते. मी सायकल थांबवून मालकाला खुणेने विचारले, हे काय. तो हसला आणि फरशी पुसायची खूण केली. मी ती बाटली उचलून वरच्या फळीवर ठेवली. मुलगा ओशाळला. "बाबा, तुम्ही ड्युटीवर नाही आहात," तो म्हणाला.

मी कितीही सावध असलो, तरी पुढची गोष्ट माझ्याच हातून घडली.

माझी रक्तदाबाची औषधे पुण्याहून येतात, पाकिटात. बोटांत संधिवात असल्याने गोळी दाबून बाहेर काढता येत नाही. म्हणून दर शुक्रवारी मी कात्रीने आठवड्याच्या गोळ्या मोकळ्या करायचो आणि स्टीलच्या छोट्या डबीत भरून उशीजवळ ठेवायचो. चार महिन्यांपूर्वी एका शनिवारी सकाळी मुलगा आणि सून खाली बाजारात गेले होते. मी दाढी करत होतो. नात माझ्या दारात आली आणि तोंड वाकडे करून चाइल्डकेअरमध्ये शिकलेल्या इथल्या इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, धिस वन नॉट नाइस, लाह."

तिच्या जिभेवर पांढरे पीठ होते. डबी पलंगावर उघडी पडली होती.

मी बोट घालून तिचे तोंड पुसले, पाणी दिले, मुलाला फोन केला. दोघे धावत वर आले. टॅक्सीत सुनेने विचारले, "बाबा, डबीत किती होत्या?"

"एकच गेली असेल," मी म्हणालो.

मला माहीत नव्हते. मी मोजल्याच नव्हत्या. साक्षीदाराने 'अंदाजे' म्हटलेले मला कधी खपले नाही आणि माझ्या नातीच्या बाबतीत माझ्या तोंडून सरळ खोटे निघाले. दोन सेकंदही लागले नाहीत. मी विचार करून खोटे बोललो नाही. सुनेच्या चेहऱ्याला घाबरून बोललो.

हॉस्पिटलच्या मुलांच्या विभागात एक तरुण चिनी डॉक्टर होती. तिने नातीला तपासले, नळ्या लावायला सांगितल्या, मग मुलाला आणि सुनेला आत पाठवून माझ्यासमोर स्टूल ओढून बसली. माझ्यापेक्षा तिची नजर थोडी खालीच येत होती.

"अंकल," ती इंग्रजीत म्हणाली, "तुम्हाला कोणी रागावत नाहीये. घरात असं होतं. मला फक्त जास्तीत जास्त किती गेल्या असतील ते हवंय."

मी तिला सांगितले. मी मोजल्या नव्हत्या. मी एक म्हणालो ते खोटे होते. शुक्रवारी पाकिटातून किती काढल्या आणि उघड्या डबीत किती दिसल्या यावरून पाच गेल्या असू शकतात. ती "थँक यू, अंकल," म्हणाली आणि पटकन आत गेली. एवढ्याला दोन मिनिटे लागली असतील.

नात दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत देखरेखीखाली होती. एकदा तिचा रक्तदाब खाली आला, मग सावरला. ती बरी झाली. घरी आल्यावर मला कोणी काही बोलले नाही. मुलगा तर अजिबात नाही. सुनेने कुलपाची पेटी आणली. आता रोज सकाळी निघण्यापूर्वी ती माझ्या तळहातावर गोळी ठेवते, मी गिळेपर्यंत उभी राहते आणि मग दार ओढून घेते. ती बरोबरच करते. पण त्यानंतरच्या रिकाम्या घरात मला ती बाकावरची बाई दिसते. तिला काय वाटले असेल, याचा अंदाज करायला मला सत्तावीस वर्षे लागली आणि तोही स्वतःवर आल्याशिवाय जमला नाही.

मी त्या महिला शिपाईला फोन केला. तीही निवृत्त आहे, मुलीकडे असते. इकडच्या-तिकडच्या गोष्टी झाल्यावर मी तिला विचारले, "त्या बाईचं पुढे काय झालं, कळलं का कधी?"

"मुलगा झाला तिला, साहेब. माहेरीच राहिली. अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली. दोन-तीन पत्रं आली होती तिची. कुणाकडून तरी लिहून घेऊन पाठवायची. पत्ता आहे माझ्याकडे, जुना."

"तुम्ही मला कधी बोलला नाहीत?"



"तुम्ही कधी विचारलं नाहीत, साहेब."

चौकशी करणे हा माझा धंदा होता. माणूस गप्प बसला की काहीतरी लपवतो आहे, हे मला ओळखता यायचे. बहुतेक माणसे गुन्हा लपवत नसतात. ती सासूचा, नर्सबाईचा, सुनेचा धाक लपवत असतात. तो धाक आधी काढून घेतला, तर उरलेले ती आपणच सांगतात आणि तेही वेळेत. हे शिकायला मला ठाण्यातली खुर्ची सोडून समोरच्या बाकावर बसावे लागले.

पत्ता मिळाल्यावर मी पत्र लिहायला बसलो. तीन दिवस लागले. ठाण्यात मी तिला 'तू' म्हणालो होतो, पत्रात 'तुम्ही' लिहिले. त्या दिवशी मी नियम मोडून तुम्हाला ठाण्यात आणले, जे बोललो ते बोलायला नको होते आणि मुलगी गेली त्यात तुमचा दोष नव्हता, एवढेच लिहिले. वाचून दाखवणाऱ्या माणसाला सोपे जावे म्हणून मोठ्या अक्षरात लिहिले. ब्लॉकच्या पलीकडच्या पोस्टात ते टाकले. त्याला आता अडीच महिने झाले. इमारतीखाली सगळ्या फ्लॅटच्या पत्रपेट्या एका ओळीत आहेत. पोस्टमन दुपारी येतो. मी चार वाजता खाली उतरतो, आमची पेटी उघडतो, वीजबिल किंवा जाहिराती असतील त्या घेतो आणि वर येतो.